चक्रतीर्थ ते नांदूर मध्यमेश्वर: गोदावरीतल्या सूक्ष्म शैवलांच्या प्रकल्प नोंदी

१८ नोव्हेंबर

सरांनी आज विषयाला होकार दिला. गोदावरी १४६५ किलोमीटरची, आमच्या वाट्याला तिचा जेमतेम पहिला टप्पा. पण या टप्प्यात नदीवर जे जे गुजरायचं ते सगळं गुजरून जातं. डोंगरातला ओहोळ धरणात अडतो, धरणाखाली कातळावरून उड्या घेतो, घाटांत बांधला जातो, नाले पोटात घेतो आणि शेवटी बंधाऱ्यामागे पसरून थांबतो.

ठिकाणं सात घेतली. गो-१ बेझे गावाजवळचं चक्रतीर्थ, गो-२ गंगापूर धरणाचा फुगवटा, गो-३ सोमेश्वर धबधबा, गो-४ रामकुंड ते गांधी तलाव, गो-५ टाकळीचा संगम (नासर्डी गोदेला मिळते त्याच्या खाली), गो-६ सायखेडा, गो-७ नांदूर मध्यमेश्वर.

सर म्हणाले, "सात कशाला? रामकुंड आणि नांदूर, दोन पुरेत." मी हट्टाने सात मागितली. पंचवटीत लहानाची मोठी झाले, रामकुंडाचं पाणी हिरवं झालं की "शेवाळ आलं" एवढंच ऐकत आले. कुठलं शेवाळ आणि कुठून आलं, हे कुणी विचारत नाही. त्याचं उत्तर रामकुंडावर उभं राहून मिळणार नाही, वरपासून चालत यावं लागेल.

२३ नोव्हेंबर

पहिली फेरी. पहाटे पाचला निघालो, मामा त्यांच्या गाडीवर, मी आणि मैत्रीण दुसऱ्या गाडीवर. आई दारातच म्हणाली, "गंगेवर जाताय तर पायात काहीतरी धड घाला." तिचं ऐकलं ते बरं झालं. चक्रतीर्थाखालचा कातळ तुपासारखा निसरडा होता.

पद्धत ठरलेली. प्रत्येक ठिकाणी एक लिटर पाणी हाताच्या कोपराएवढ्या खोलीवरून घ्यायचं आणि तिथेच ल्युगॉलचं आयोडीन टाकायचं, कोऱ्या फिकट चहाचा रंग येईपर्यंत. त्याने पेशी जागच्या जागी मरतात, जड होतात आणि तळाशी बसतात. शिवाय वाहत्या पाण्यातले पाच दगड उचलायचे, वरची बाजू जुन्या टूथब्रशने ट्रेमध्ये घासायची आणि ते पाणी वेगळ्या बाटलीत भरायचं.

दगड घासणं मला बाटली भरण्यापेक्षा महत्त्वाचं वाटतं. बाटलीतलं पाणी म्हणजे त्या क्षणी तिथून निघून चाललेलं पाणी. दगडावरचा थर मात्र तिथेच आठवडेच्या आठवडे राहिलेला असतो, त्याच्यावरून जे जे वाहिलं ते त्याने सोसलेलं असतं.

चक्रतीर्थाच्या दगडांवरून निघाला तो थर हिरवा नव्हता, तपकिरी होता, गुळाच्या पातळ पाकासारखा. मैत्रीण म्हणाली, हा तर चिखल. दोन बोटांत चोळून पाहिला. चिखल खरखरतो, हा सुळकन निसटला. म्हणजे डायटम, काचेच्या कवचातलं एकपेशी शैवल.

२६ नोव्हेंबर

आज पूर्ण दिवस सूक्ष्मदर्शकावर. ४०० पटीत गो-१ ची पहिली स्लाइड लावली आणि बराच वेळ मोजणी सुरूच केली नाही, नुसती बघत बसले.

डायटमला मराठीत करंडक वनस्पती म्हणतात, आणि ज्याने हे नाव दिलं त्याने नक्की भिंगातून पाहिलं असणार. कुंकवाचा करंडा असावा तशी ही पेशी. तळाची अर्धी डबी, वर किंचित मोठं झाकण, दोन्ही काचेच्या द्रव्याचे, म्हणजे सिलिकाचे. पेशी दुभंगते तेव्हा एकीला झाकण मिळतं, दुसरीला तळ. दोघीही मिळालेला अर्धा भाग झाकण म्हणूनच धरतात आणि आत बसेल असा नवा तळ घडवतात. त्यामुळे तळ मिळालेलीचा वंश पिढीगणिक लहान होत जातो, आणि फार लहान झाला की लैंगिक पुनरुत्पादनातून पुन्हा मूळ आकारावर येतो.

गो-१ ला सर्वांत जास्त अॅक्नँथिडियम नावाचे डायटम. इतके चिमुकले की एका मिलिमीटरच्या लांबीत शंभर सहज मावतील. दगडाला घट्ट चिकटून राहतात, धार अंगावरून जाऊ देतात. जोडीला काही गोंफोनिमा, देठावर उभे, गदेसारखे. पाण्याच्या नमुन्यात मात्र जवळजवळ काहीच नाही. ओहोळात तरंगणाऱ्यांना वाढायला सवडच नसते. तरंगत्या शैवलाला दुप्पट व्हायला अनुकूल दिवसांतही एखाद-दोन दिवस लागतात, तोवर पाणी कुठल्या कुठे गेलेलं असतं. वाहत्या पाण्यात टिकतो तो धरून बसणारा.

नावं लावायला त्रास होतोय, कारण चित्रं बहुतेक युरोपातली. एक आधार आपल्याकडचा आहे. हेमेंद्रकुमार पृथ्वीराज गांधी यांनी १९५० च्या दशकात कोल्हापूर, पन्हाळगड परिसरातले गोड्या पाण्यातले डायटम हाताने रेखाटून नोंदवले. त्या रेखाटनांशी ताडून पाहिलं की जीव भांड्यात पडतो. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतही डायटमवर काम चालतं. शंका राहिलेल्या स्लाइड तिकडे दाखवता येतील का, सरांना विचारायचं.

१४ डिसेंबर

दुसरी फेरी. गो-४ आणि गो-५ च्या बाटल्यांवर मी बॉलपेनने लिहिलं होतं. पिशवीत पाणी झिरपलं, शाई पसरली, कुठली कुठली ते कळेना. अंदाजाने नाव लावायचा मोह झाला होता. दोन्ही ओतून दिल्या, उद्या पुन्हा जायचं. यापुढे शिसपेन्सिलने कागदी चिठ्ठीवर लिहून बाटलीच्या आत टाकायची.

९ जानेवारी

सोमेश्वर. कडाक्याची थंडी. धरणातून येणारं पाणी इथे काळ्या कातळावरून पसरत खाली येतं. कड्यांवर गोंडाळाच्या, म्हणजे धाग्यांच्या शैवलाच्या, लांब हिरव्या बटा वाहत्या पाण्यात हलत होत्या. हात लावला तर खरबरीत लागलं, म्हणजे क्लॅडोफोरा. स्पायरोगायरा असतं तर बुळबुळीत लागलं असतं. एवढी ओळख भिंगाशिवाय होते.

बटांची टोकं हिरवी होती पण बुंधे तपकिरी दिसत होते. एक बट सोडवून घरी आणली. भिंगाखाली क्लॅडोफोराच्या प्रत्येक धाग्यावर कोकोनीस नावाचे डायटम ढालीसारखे चिकटलेले, शेजारी शेजारी, कुठे कुठे धाग्याची भिंतच दिसेना इतके. त्या ढालींच्या फटीत आणखी बारीक डायटम. डोळ्यांना जी एक बट दिसते ती एक वस्ती आहे, मोठ्याच्या अंगावर लहान, लहानाच्या आडोशाला त्याहून लहान.

मामा म्हणाले, हे खरवडून टाकलं की धबधबा स्वच्छ होईल ना? मी त्यांना बुडबुडे दाखवले. दहा वाजता ऊन चढल्यावर त्या बटांवर टाचणीच्या टोकाएवढे चमकणारे बुडबुडे धरले होते. तो प्राणवायू आहे, याच बटांनी केलेला. मामा उकिडवे बसून बराच वेळ बघत राहिले.

३० जानेवारी

टाकळी संगम. इथे काम करायला मन घट्ट करावं लागतं. वास कपड्यांना धरतो.

स्लाइडवर युग्लीना. भिंगातून एका वेळी दिसतं त्या पहिल्या क्षेत्रातच सात-आठ, हिरव्या, अंग आखडत-पसरत फिरणाऱ्या, डोक्याशी तो लाल ठिपका (या वेळी थोडं पाणी आयोडीनशिवाय आणलं होतं, म्हणून त्या जिवंत दिसल्या). ऑसिलेटोरियाचे धागे घड्याळाच्या लंबकासारखे डुलत होते. सेनेडेस्मस, चार-चार पेशी एका ओळीत. फेकस, क्लोरेला, आणि निट्झिया, नॅविक्युला हे डायटम.

पामर नावाच्या शास्त्रज्ञाने १९६९ साली सेंद्रिय प्रदूषणासाठी शैवलांना गुण दिले. युग्लीना ५, ऑसिलेटोरिया ५, सेनेडेस्मस ४, क्लोरेला, निट्झिया आणि नॅविक्युला प्रत्येकी ३, फेकस २. आमची बेरीज २५. २० किंवा त्याहून अधिक म्हणजे सेंद्रिय प्रदूषण भरपूर.

पण हा निर्देशांक डोळे मिटून वापरणं मला पटत नाही. तो प्रजातीला नव्हे, वंशाला गुण देतो. नॅविक्युला तर मला चक्रतीर्थालाही थोडे मिळाले होते, आणि तिथलं पाणी ओंजळीने पिण्यासारखं. नॅविक्युला म्हणजे एक मोठं कूळ आहे, त्यात स्वच्छ पाण्यातलेही आहेत आणि गटारात सुखाने राहणारेही. आडनावावरून माणसाची परीक्षा करावी तसं हे होतं. दगडावरचे डायटम प्रजातीपर्यंत ओळखून मोजायचे, असं आज ठरवलं. मोजणी प्रत्येक स्लाइडला किमान ४०० कवचांची. काम तिप्पट होईल.

१९ फेब्रुवारी

डायटम साफ करण्याचे तीन दिवस. हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये गरम करून आतला जीवद्रव्याचा भाग जाळायचा, मग डिस्टिल्ड वॉटरने धुवायचं, बसू द्यायचं, वरचं पाणी काढायचं, पुन्हा धुवायचं. मागे उरतात फक्त काचेची कवचं.

टाकळीच्या दगडांवर निट्झिया पॅलिया. याच्या कवचावरच्या रेघा इतक्या दाट असतात की १००० पटीत तेल लावूनही धड सुट्या दिसत नाहीत. रेघा दिसत नाहीत हीच त्याची एक खूण. चक्रतीर्थाचा अॅक्नँथिडियम इथे शोधून शोधून दोनच कवचं.

७ मार्च

गो-४, रामकुंड. तळाला काँक्रीट, कडेला घाट. घासायला दगड नाहीत, म्हणून पायऱ्यांच्या पाण्याखालच्या कडा घासतो.

आजच्या पाण्यात नवीनच मंडळी दिसली. लांब साखळ्या, नळीला नळी जोडल्यासारख्या, टोकाच्या पेशीला भाल्यासारखा काटा. ऑलाकोसायरा, साखळीने राहणारे डायटम. नोव्हेंबरपासून रामकुंडाच्या एकाही नमुन्यात नव्हते, आज प्रत्येक क्षेत्रात. घाटाच्या पायऱ्यांवरच्या थरात मात्र एकही नाही.

मैत्रिणीचं म्हणणं, बाटली बदलली असेल. आत चिठ्ठी आहे, पेन्सिलने लिहिलेली. बाटली रामकुंडाचीच.

११ मार्च

उलगडलं. गो-२ चे जुने नमुने काढून बसले. धरणाच्या फुगवट्यात ऑलाकोसायरा जानेवारीपासूनच भरपूर आहे. त्याचं कवच जड. पाणी स्थिर राहिलं तर तो बुडतो, तळाच्या अंधारात अडकतो. हिवाळ्यात वरचं पाणी गार होऊन खाली जातं, खालचं वर येतं, आणि त्या घुसळणीत या साखळ्या उजेडात तरंगत राहतात. गंगापूरचं मातीचं धरण १९६५ साली पूर्ण झालं. म्हणजे आमच्या नदीला स्वतःचं तळ्यातलं शैवल लाभलं ते तेव्हापासून, असं मला वाटतं.

मग मामांना विचारलं, मार्चच्या पहिल्या आठवड्यात धरणातून पाणी सोडलं होतं का? ते लगेच म्हणाले, "सोडलं होतं की, गंगेला चांगलं हातभर पाणी चढलं होतं." मला हे माहीतच असायला हवं होतं, मी राहते नदीपासून दहा मिनिटांवर.

तर रामकुंडातल्या त्या साखळ्या रामकुंडाच्या नाहीत. त्या प्रवासी आहेत. पायऱ्यांवर त्यांचा मागमूस नाही तो म्हणूनच. वहीत आता प्रत्येक फेरीला एक रकाना वाढवला: मागच्या आठ दिवसांत पाणी सोडलं का, आवर्तन सुरू आहे का. हा रकाना पहिल्या दिवसापासून असायला हवा होता.

१२ एप्रिल

नांदूर मध्यमेश्वर. १९०७ ते १९१३ या काळात बांधलेला बंधारा, गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळ. शंभरहून अधिक वर्षांचा गाळ साठून उथळ झालेलं पाणी. पक्षी त्या उथळपणामुळेच येतात, आणि त्या पक्ष्यांमुळे हे २०२० साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झालं.

थंडीतले पाहुणे बहुतेक परतलेत. काठाला वाऱ्याच्या दिशेला पाण्यावर हिरवा थर जमलेला, भिंतीच्या ऑइलपेंटचा डबा सांडावा तसा. ओंजळीत घेतला तर सुटे सुटे कण दिसले, रव्यासारखे. मायक्रोसिस्टिस, एक नील-हरित शैवल. लगेच हात साबणाने धुतले. काही मायक्रोसिस्टिस यकृताला अपाय करणारं विष तयार करतात, आणि ती कुठली ते नुसतं पाहून सांगता येत नाही.

तिथे मासेमारी करणारे काका होरी (छोटी होडी) बांधत होते. म्हणाले, "ताई, हे असं चढलं ना की पहाटेचं मासं वर येऊन तोंड काढतात. दिवसा काही नाही. पहाटेला या, दाखवतो."

१५ एप्रिल

आज चूक झाली आणि ती फक्त माझी आहे.

नेहमीसारखे नमुने मोजपात्रात ४८ तास बसायला ठेवले होते. नेहमीसारखं नळीने वरचं पाणी ओढून काढलं, तळाचा गाळ ठेवला, मोजायला बसले. गो-७ च्या नमुन्यात मायक्रोसिस्टिस जवळपास नाहीच! काठावर हाताने उचलून घेतलेलं, आणि स्लाइडवर नाही.

बेसिनपाशी जाऊन पाहिलं तेव्हा लक्षात आलं. ओतलेल्या पाण्याचा हिरवट कड बेसिनला लागला होता. मायक्रोसिस्टिसच्या पेशींत हवेच्या बारीक पोकळ्या असतात. त्यांच्या जोरावर ते तरंगतं, आयोडीननंतरही पुष्कळदा वरच राहतं. सगळे खाली बसले, हे वर राहिलं, आणि मी वरचंच फेकून दिलं. रोजच्या सवयीने काम केलं की असं होतं.

सरांना सांगितलं. ते रागावले नाहीत, उपाय सांगितला. नमुना जाड सिरिंजमध्ये भरायचा, तोंड बोटाने गच्च दाबायचं आणि दट्ट्या जोराने रेटायचा. दाबाने पोकळ्या फुटतात. करून पाहिलं. रेटण्याआधी सिरिंजमधलं पाणी दुधाळ हिरवं होतं, रेटताक्षणी ते काळपट आणि पारदर्शक झालं. मग कण सावकाश खाली निघाले. मैत्रिणीने चार वेळा करायला लावलं.

मागचे गो-२ आणि गो-७ चे आकडेही आता संशयास्पद. राखून ठेवलेल्या मूळ बाटल्यांमधून पुन्हा मोजायचे.

२० एप्रिल

आदल्या रात्री नांदूरजवळ मैत्रिणीच्या आत्याकडे मुक्काम. पहाटे पाचला काठावर. काका आधीच होरीत बसले होते.

उजाडायला लागलं तसे पाण्यावर गोल गोल वलयं उठू लागली. पाऊस पडतोय असं वाटलं. जवळ गेलो तर माशांची तोंडं, उघडझाप करणारी, पाण्याच्या अगदी वरच्या पापुद्र्यातून ओढून घेणारी. काका म्हणाले, "बघा. ऊन आलं की जातील खाली."

प्राणवायू मोजायच्या बाटल्या पाण्याने भरल्या. मँगनस सल्फेट टाकलं, मग अल्कली आयोडाइड. पाण्यात प्राणवायू असेल तितका गडद तपकिरी साका बसतो. पहाटेच्या बाटलीत साका मळक्या पांढऱ्याहून जरासाच पिवळा. दुपारी तीनला त्याच जागी भरलेल्या बाटलीत काळसर तपकिरी. दोन्ही शेजारी ठेवल्या तर एकाच पाण्याच्या आहेत हे कुणाला खरं वाटणार नाही. दिवसभर हे शैवल प्राणवायू करतं, रात्रभर तेच शैवल आणि तळाचा गाळ मिळून तो खातात, आणि पहाट ही सगळ्यात तुटीची वेळ.

आमच्या सगळ्या फेऱ्यांत नांदूरला आम्ही पोहोचत होतो दुपारी, कारण वरून खाली येत येत हे शेवटचं ठिकाण. म्हणजे पाच महिने मी या पाण्याची फक्त चांगली वेळ नोंदवत होते. काकांना हे मोजमापाशिवाय ठाऊक होतं. प्रबंधात त्यांचा उल्लेख करायचा आहे, त्यांची परवानगी विचारली. ते "हो" म्हणाले, मग म्हणाले, "नाव नको, नुसतं मासेवाला लिहा."

१८ मे

सायखेडा. पाणवेलींनी पाणी काठापासून काठापर्यंत झाकलेलं. पानांखालच्या पाण्यात तरंगतं शैवल अगदी कमी, उजेडच पोहोचत नाही. नुसती बाटली पाहणाऱ्याला हे स्वच्छ पाणी वाटेल. मुळं झटकून पाहिली तर प्रत्येक तंतूवर डायटमचे थर. नायट्रेट, फॉस्फेट इथे आहेच, फक्त ते पाणवेलींनी उचललंय. वरच्या थडीला द्राक्षबागा आहेत, खरड छाटणी उरकून नवी फूट धरलेल्या. शेतातलं खत नदीत किती येतं ते पाऊस पडल्यावर पाहायचं.

सात ठिकाणांच्या स्लाइड टेबलावर ओळीने मांडल्या. सुरुवात केली तेव्हा मला वाटलं होतं, वर स्वच्छ, खाली घाण, अशी सरळ उतरंड निघेल. तशी निघाली नाही. दगडांवरचे डायटम साधारण तसंच सांगतात, टाकळीला सर्वांत वाईट. पण तरंगत्या शैवलांचा नकाशा वेगळाच आहे. ती भरतात गंगापूरच्या फुगवट्यात आणि नांदूरच्या बंधाऱ्यामागे, आणि या दोन जागांच्या मध्ये नाल्यांचं कितीही खाद्य मिळालं तरी वाहत्या पट्ट्यात तितकी भरत नाहीत. नदी हिरवी होते ती घाणीने एकट्या नव्हे. तिला थांबवलं की होते. घाण आणि थांबणं एकत्र आलं की नांदूरचा ऑइलपेंट.

सरांना हा मुद्दा पुराव्याने पटवायचा तर प्रत्येक ठिकाणी पाण्याचा वेग मोजायला हवा होता. आम्ही मोजला नाही. पुढच्या वर्षी पाण्यात संत्रं वाहू देऊन का होईना, मोजायचा.

२ जुलै

पूर. सकाळी होळकर पुलावर अख्खं नाशिक लोटलेलं, सगळ्यांचे डोळे दुतोंड्या मारुतीकडे, नाशिककर ज्याच्यावरून पुराची पातळी सांगतात त्या मूर्तीकडे. पाणी त्याच्या कमरेला. रामकुंड, गांधी तलाव, आमच्या घासलेल्या पायऱ्या, सगळं चहाच्या रंगाच्या पाण्याखाली.

दोरीला बादली बांधून गाडगे महाराज पुलाच्या बाजूने एक नमुना घेतला. स्लाइडवर माती, माती आणि माती. बराच वेळ शोधल्यावर मातीच्या कणांमध्ये ऑलाकोसायराची तुटलेली साखळी, कोकोनीसची एक ढाल, अर्धा गोंफोनिमा. सोमेश्वरच्या बटा आता कुठे असतील कुणास ठाऊक.

पूर ओसरला की कातळ घासून निघालेला असेल. त्यावर पहिल्या आठवड्यात कोण येऊन बसतं, दुसऱ्यात कोण, हे पाहायचं ठरलंय. सोमेश्वरला आणि टाकळीला सारखेच दगड ठेवायचे, तारेच्या जाळीत बांधून. चक्रतीर्थाहून आणलेले दहा दगड आज ब्रशने घासले, उकळत्या पाण्यातून काढले आणि गॅलरीत वाळत घातलेत. आईने त्यांवर जुनं पातळ पांघरलंय, पावसाचे शिंतोडे येऊ नयेत म्हणून.